सांगितलं तर काय गमवावं लागतं, ते आधी विचारा

डॉक्टर, वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वीटभट्टीवरच्या वस्तीत गोवराची अकरा मुलं सापडलीत. सर्वेक्षणाला गेलं की लोक दारं लावून घेतात, पुरळ उठलेलं मूल गोधडीखाली झाकतात आणि "आमच्यात कुणी आजारी नाही" म्हणून सांगतात. एका घरानं आशाताईंना शिव्या घालून हाकललं. तालुक्याच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, पोलीस बंदोबस्तात लसीकरण उरकून टाका. तुम्ही विचारताय, या लोकांचा विश्वास कसा मिळवायचा, आणि तेवढा वेळ हाताशी नसेल तर पोलीस न्यावेत का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नेऊ नका. पोलीस दारात उभे केलेत तर परवाचा डोस मिळेल, पण दुसऱ्या डोसाला जाल तेव्हा तिथे विझलेल्या चुली सापडतील. भट्टीवरची माणसं एका रात्रीत बिऱ्हाड उचलतात, आणि त्यांच्यासोबत गोवर पुढच्या तालुक्यात जातो. कुणी कर्मचाऱ्यावर हात उगारला तर तक्रार जरूर करा. २०२० साली साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला अजामीनपात्र झाला आहे. पण ती तक्रार पोलीस ठाण्यात राहू द्या, लशीच्या डब्यासोबत वस्तीत नेऊ नका.

आता विश्वासाबद्दल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी जवळजवळ तीस वर्षं काढली. त्यातून माझी एक समजूत पक्की झाली आहे. लोक आजार लपवतात ते सांगितल्यावर काय गमवावं लागेल याचा हिशोब मांडून. आपण त्याला अज्ञान म्हणतो आणि पोस्टर छापतो. पण तो हिशोब कागदावर उतरवून पाहिला तर बहुतेक वेळा बरोबर निघतो. म्हणून आपलं पहिलं काम समजावण्याचं नसतं. आजार सांगण्यातला तोटा कमी करायचा असतो.

हे मला शिकवलं सुरतेच्या प्लेगनं. १९९४चा सप्टेंबर. मी नुकतीच रुजू झाले होते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. खानदेशातली हजारो माणसं सुरतेला यंत्रमागावर, हिऱ्याच्या कारखान्यांत कामाला. साथीची बातमी फुटली तशी ती ताप्तीच्या लाईननं गावाकडे परतू लागली. आम्ही स्टेशनवर टेबल टाकून प्रत्येकाला विचारत होतो, "ताप आहे का?" दोन दिवसांत एकही ताप सापडला नाही. मग कळलं, ज्याच्या अंगात कणकण असेल तो आधीच्या स्टेशनात उतरतो आणि शेतातून चालत गावी जातो. ताप सांगितला तर आपल्याला घरी जाऊ देणार नाहीत, हा त्याचा हिशोब होता. आमच्यातले एक वयस्क आरोग्य सहायक होते. त्यांनी टेबल उचललं, पाण्याची घागर आणून ठेवली आणि विचारायला सुरुवात केली, "कुठल्या गावचे? जेवलात का? घरी कोण कोण आहे?" आणि मग, "या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेऊन घरी जा. आमचा माणूस रोज येऊन बघून जाईल." त्या दिवशी दुपारपर्यंत माणसं स्वतःहून कपाळ पुढे करायला लागली. गोळ्या त्याच होत्या. घरी जाता येणार, एवढाच फरक पडला होता.

पुण्याचा प्लेग आपण शाळेत रँड आणि चापेकर यांच्या नावानं शिकतो. साथीच्या कामासाठी तो पुन्हा वाचावा असं मला वाटतं. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि मार्चमध्ये रँडच्या प्लेग कमिटीनं गोरे सैनिक घराघरांत घातले. काखा-जांघा तपासणं, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभं करणं, सामान जाळणं, जमीन उकरणं, आजाऱ्याला रुग्णालयात आणि बाकीच्या घराला छावणीत नेणं. त्या घरातल्या माणसानं गाठ दाखवली तर त्याचं काय काय जाणार होतं ते बघा: घर, सामान, बायकांची अब्रू आणि मरताना जवळचं माणूस. कोण सांगेल? लोकांनी आजारी माणसं माळ्यावर आणि अडगळीत लपवली. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. विलगीकरण तिथेही होतं बरं का. आजारी माणूस गावाबाहेरच न्यायचा होता. पण नेणारी बाई ओळखीची होती, ती स्वतः उचलून नेत होती आणि नेल्यावर शेजारी बसत होती. मुंढव्याच्या गायकवाडांचं आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. उपाय एकच होता. एका हातानं तो केला तेव्हा लोक पळाले, दुसऱ्या हातानं केला तेव्हा आले. मी हे प्रशिक्षणात सांगते तेव्हा नवे डॉक्टर म्हणतात, मॅडम, आपण सावित्रीबाई नाही. खरं आहे. पण आजाऱ्यासोबत त्याची आई राहू शकेल का, त्याचं सामान परत मिळेल का, त्याला कुठं ठेवलंय हे घरच्यांना दिसेल का, हे तीन प्रश्न सोडवायला थोर असावं लागत नाही.

मुंबईत सरकार हे अनुभवानं शिकलं. १८९६च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, कारण तिथे गेलेला माणूस परत येत नाही अशी धास्ती होती. पुढे समाजासमाजांना आपापली प्लेग रुग्णालयं काढायला परवानगी मिळाली आणि लोक तिथे जाऊ लागले. शास्त्रज्ञ हाफकिननं १८९७च्या जानेवारीत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी ती आपल्या समाजासमोर उघडपणे घेतली, तेव्हा त्या समाजातून माणसं पुढे आली. गावातल्या कुणी मोठ्यानं सगळ्यांसमोर दंड पुढे करायचा, ही युक्ती काही युनिसेफनं शोधलेली नाही.

पण याच लशीचा पुढचा भागही सांगायला हवा. १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं, आणि त्याच्यावरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडलं. लशीचं काम करणाऱ्यानं हे विसरू नये. कधी ना कधी काहीतरी घडतं, किंवा घडल्यासारखं दिसतं, आणि तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी काय करता त्यावर पुढची दोन वर्षं ठरतात. माझ्या नोकरीत एका ठिकाणी लशीनंतर दुसऱ्या दिवशी तान्हं मूल दगावलं. पुढे तपासात कारण वेगळंच निघालं. पण वरून निरोप आला होता की चौकशी होईपर्यंत कुणी त्या घराकडे फिरकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आठ दिवस आम्ही गप्प बसलो आणि त्या आठ दिवसांत गावानं स्वतःचं उत्तर तयार केलं. दोन महिने त्या उपकेंद्राच्या सत्राला एकही आई आली नाही. मी तो आदेश पाळला याची खंत मला आजही आहे. असं कधी तुमच्यावर आलं तर त्याच दिवशी त्या घरी जा. बाजू मांडू नका. बसा. "काय झालं ते आम्ही शोधतोय, कळलं की सर्वांत आधी तुम्हाला सांगू" एवढंच म्हणा, आणि मग खरोखर सर्वांत आधी त्यांनाच सांगा.

आता तुमच्या वस्तीचा हिशोब मांडू. मजुरी हजार विटांवर मिळते आणि अंगावर मुकादमाची उचल असते. नवरा-बायको पहाटे दोन-तीनला चिखल तुडवायला उठतात, म्हणजे तुम्ही सकाळी अकराला जाता तेव्हा ते एकतर झोपलेले असतात नाहीतर उन्हात विटा थापत असतात. मूल आजारी आहे असं सांगितलं तर तुम्ही तालुक्याला पाठवणार, दोन दिवसांची मजुरी बुडणार, बाकीची पोरं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न. "साथ आणली" म्हणून मुकादम हाकलून देईल ही भीती वेगळी. त्यात घरात गोवर म्हणजे देवीचं येणं. दाराला कडुलिंबाचा पाला, फोडणी बंद, परका माणूस आत घ्यायचा नाही. आणि लस दिली तर रात्री मूल तापानं फणफणणार, आई जागणार, पहाटेच्या विटा कमी पडणार. या सगळ्याच्या समोर तुम्ही काय ठेवताय? एक कार्ड आणि "हे तुमच्या भल्यासाठी आहे" हे वाक्य.

दोन्ही पारडी अशी ठेवून पाहिली की काय करायचं ते बरंचसं आपोआप दिसायला लागतं. वेळ बदला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी जा. भट्टीच्या मालकाला आणि मुकादमाला आधी भेटा आणि आजारी मुलाच्या घराची मजुरी किंवा जागा जाणार नाही हे त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर वदवून घ्या. ज्या मुलाला धाप नाही, जुलाब नाहीत, जे पितं-खातं आहे त्याला तालुक्याला हलवू नका, झोपडीतच उपचार द्या आणि रोज बघा. जीवनसत्त्व अ चे दोन डोस, एक आज आणि एक उद्या: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिने एक लाख, वर्षावरच्यांना दोन लाख. हा दुसरा डोस द्यायला उद्या तुम्ही स्वतः गेलात तर ते औषधही आहे आणि शब्द पाळणंही.

कडुलिंबाच्या पाल्याशी भांडू नका, एवढी माझी विनंती आहे. आजाऱ्याच्या घरात परक्यानं जायचं नाही, हा रिवाज गोवरात आपल्या सोयीचाच आहे. पुरळ उठायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस तो पसरतो. आजी दारातून कुणाला आत सोडत नसेल तर ती तुमचंच काम करते आहे. "आजी, पाला राहू दे, शेजारची पोरंही आत येऊ देऊ नका, फक्त हे औषध पाजू द्या." आजी ऐकते. आणि निर्णय बहुतेक घरांत तिचाच असतो, आईचा नव्हे. आपली सगळी माहितीपत्रकं मात्र आईसाठी असतात.

तापाचं आधीच सांगा. सहा आठवड्यांच्या बाळाला पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिल्यावर ताप आला तर तो बहुधा त्याच रात्री येतो. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर आला तर तो बहुधा आठवड्यानं येतो. आईला हे सांगितलं नसेल तर तो ताप तिला फसवणूक वाटते, आणि सांगितलं असेल तर खूण पटते. कोणती लस, कशासाठी, काय होऊ शकतं, पुढची कधी आणि कार्ड जपून ठेवा, हे सगळं सिस्टर पाठ म्हणतात, पण "काय होऊ शकतं" तेवढं घाईत गळतं. माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे.

उत्तर प्रदेशात पोलिओनं हेच दाखवलं. २००२ साली देशात १६०० रुग्ण होते, त्यांतले १२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. थेंबांनी मुलं पुढे वांझ होतात ही अफवा आपण वेडगळ म्हणून सोडून देतो, पण त्याच जिल्ह्यांनी आणीबाणीत नसबंदीच्या गाड्या पाहिल्या होत्या. सरकारी गाडी दारात येते तेव्हा काय होतं, याची त्यांना आठवण होती. शिवाय लोक विचारत होते, तापाला औषध नाही, गटार नाही, पाणी नाही, मग या दोन थेंबांसाठीच महिन्याला दारात का येता? यात चूक काय आहे? उत्तर म्हणून त्याच मोहल्ल्यातल्या बायकांना कामावर घेतलं, मशिदींतून पुकारा व्हायला लागला, आणि २००९ पासून उत्तर प्रदेश व बिहारमधले सर्वाधिक जोखमीचे १०७ गट (ब्लॉक) निवडून तिथे थेंबांसोबत जुलाबावर ओआरएस-झिंक, हात धुणं, स्वच्छ पाणी यांवर काम झालं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ला आपण पोलिओमुक्त ठरलो. तुमच्या भट्टीवर पाण्याची टाकी कधी धुतली, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) कोण टाकतं, हे बघून या. लोकांनी मागितलेलं एखादं काम तुम्ही लशीच्या आधी केलंत तर बोलणं सोपं जातं.

धारावीबद्दल अनेकांनी लिहिलंय, म्हणून दोनच गोष्टी. १ एप्रिल २०२०ला तिथे कोविडचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेरच्या त्या जागेत लाखो माणसं आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. घरी थांबा म्हणण्याला अर्थच नव्हता. महापालिकेनं शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतलं, तिथे जेवण दिलं. म्हणजे "पॉझिटिव्ह आलो तर उपाशी मरू" हे पारडं हलकं झालं. दुसरं, गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना किट देऊन सोबत घेतलं, कारण लोकांचा इतिहास त्यांनाच माहीत. तुमच्या बाजारच्या गावातही एक बीएएमएस किंवा होमिओपॅथ असेल, ज्याच्याकडे वस्ती रात्री अकराला जाते. त्याला आजच फोन करा. "गोवराचं मूल आलं तर आधी आम्हाला कळवा, तुमचा पेशंट तुमच्याकडेच राहील" असं सांगा. त्याचाही एक हिशोब असतो.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण ते फार बोलकं आहे. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलानं ११ हजारांहून जास्त माणसं नेली. गिनीतल्या वोमे गावात १६ सप्टेंबर २०१४ला माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी मारून टाकलं. मृतदेहापासून लागण होते म्हणून पथकं प्रेत पिशवीत घालून न्यायची. आंघोळ नाही, प्रार्थना नाही, कबर कुठली तेही माहीत नाही. लोक प्रेतं रात्री गुपचूप पुरू लागले. पुढे पद्धत बदलली: घरचं माणूस अंतरावर उभं राहणार, धर्माचा माणूस प्रार्थना म्हणणार, कबरीवर नाव लागणार. मग फोन यायला लागले. आपल्याकडे कोविडमध्ये कितीतरी घरांनी आईवडिलांचं तोंडही पाहिलं नाही, आणि ती जखम वस्त्यांमध्ये अजून ओली आहे. तुमच्याकडे बघताना लोक तिच्यातूनही बघतात.

एक गोष्ट मात्र बिलकुल होऊ देऊ नका. माझ्या माहितीतल्या एका केंद्रातून कोविडच्या पहिल्या लाटेत रुग्णांच्या नावांची यादी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली. कुणी टाकली ते कधी कळलं नाही. यादीतल्या एका घराला दुकानदारानं किराणा नाकारला, दूधवाल्यानं भांडं बाहेरच्या बाहेर ठेवलं. पुढचे दहा दिवस त्या गावातून एकही नमुना आला नाही आणि अकराव्या दिवशी दोन माणसं थेट श्वास लागलेल्या अवस्थेत आली. तुमची अकरा मुलांची यादी कुणाच्या मोबाईलमध्ये फोटो म्हणून आहे, ते आज रात्रीच तपासा. वस्तीचं नाव घेऊन "यांच्यामुळे गोवर आला" असं गावात कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. मी एकदा ग्रामसभेत गॅस्ट्रोच्या साथीत "वरच्या वस्तीमुळे विहीर बिघडली" असं म्हणून गेले. नमुन्यांच्या हिशोबानं ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतल्या बायकांना विहिरीवर कुणी चढू दिलं नाही. ते वाक्य मला परत घेता आलं नाही.

आशाताईंबद्दलही लिहायला हवं, कारण तुमचा सगळा विश्वास प्रत्यक्षात त्या एका बाईच्या खांद्यावर आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. शिव्या खाऊन आलेल्या ताईंना दुसऱ्या दिवशी त्याच दारात एकटं पाठवू नका. तुम्ही सोबत जा आणि सगळ्यांसमोर त्यांचं मत विचारा. डॉक्टर ताईंचं ऐकतात हे वस्तीला दिसलं पाहिजे. त्यांचे पैसे थकले असतील तर तो कागदही या आठवड्यात हलवा. साथीच्या कामाचाच तो भाग आहे.

विश्वासावर एवढं लिहिलं, तरी लस नसलेल्या डब्याला आणि कुलूप लावलेल्या उपकेंद्राला विश्वास वाचवू शकत नाही. लोकांना बोलावून साठा संपला असं एकदा जरी झालं, तर पुढचं बोलावणं वाया जातं. म्हणून आधी शीतसाखळीतला साठा मोजा, मग दवंडी द्या. गोवराच्या संपर्कात आल्यापासून ७२ तासांत लस मिळाली तर मूल वाचू शकतं, तेव्हा अकरा घरांच्या शेजारची मुलं पहिल्यांदा. फार लहान बाळांचं काय करायचं, याबद्दल २०२२च्या मुंबई, भिवंडी, मालेगावच्या उद्रेकात जादा डोसाच्या सूचना निघाल्या होत्या. तुमच्या जिल्हा अधिकाऱ्यांकडून सध्याच्या लेखी घ्या.

उद्या जाताना गाडी रस्त्यावरच ठेवा आणि चालत जा. तुम्ही, आशाताई आणि सिस्टर, तिघंच. पहिलं दार शिव्या देणाऱ्याचंच वाजवा. लशीचा विषय काढू नका. मूल कसं आहे विचारा, दारातच बसा, पॅरासिटामॉल आणि जीवनसत्त्व अ सोबत ठेवा. तो पुन्हा शिव्या देईल कदाचित. परवा परत जा, दुसरा डोस द्यायचाच आहे. त्या घरी काय झालं ते मला कळवा, मग पुढच्या दहांचं बघू.